ब्लॅकबेरी, कुंडीतील (जयपूर)

गुलाब कुलातील रुबस या प्रजातीच्या, काळी फळे देणाऱ्या कित्येक जाती व त्यांचे संकर यांना मिळून हे नाव आहे. मूळ बहुवर्षायू, परंतु जमिनीवरची फांदी दोनच वर्षांची, हे या बहुधा काटेरी क्षुपाचे प्रधान लक्षण होय. फांदी सामान्यतः पहिल्या वर्षी केवळ वाढते, दुसऱ्या वर्षी फुलते, फळते आणि मग वाळते. फळ म्हणजे बारीक अश्मगर्भी फळांचा घोस असून तो गाभ्यासकट तुटतो. रास्पबेरीचा गाभा झुडपावरच राहतो. रोप विकत घेताना पान अवश्य पाहावे : ब्लॅकबेरीचे पान बहुधा तीन किंवा पाच दलांचे, तर उत्तर हिंदुस्थानात सर्वत्र आढळणाऱ्या शहतुताचे साधे असते.

हवामान : जयपुरात जानेवारीतील सरासरी किमान तापमान ८° से. च्या आसपास, मे महिन्यातील सरासरी कमाल ४०° से. अथवा त्याहून थोडे अधिक, आणि वार्षिक पर्जन्य सुमारे ६० सेंमी. असून तो बहुतेक जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो. कळ्या नीट फुटण्यासाठी या समशीतोष्ण प्रदेशातील झुडपास ७° से. खालील थंडीचे काही शे तास लागतात. जयपुरात या थंडीची उणीव भासते, पण ती वाणाच्या निवडीने बरीचशी भरून निघते. उन्हाळ्यातील लू (उष्ण वारे) आणि क्षारयुक्त पाणी यांचा बंदोबस्त मात्र लावणाऱ्यासच करावा लागतो.

वाण : आधुनिक वाणांचा मोठा हिस्सा अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठात जेम्स मूर यांनी १९६४ मध्ये आरंभिलेल्या आणि पुढे जॉन रूबेन क्लार्क यांनी चालविलेल्या संकरकार्यातून आलेला आहे. त्यांपैकी ‘अपाची’ या वाणास ८०० ते ९०० तासांची थंडी लागत असल्याने तो जयपुरास सर्वथा अयोग्य होय. ‘वॉशिटा’ व ‘नॅचेझ’ हे बिनकाटेरी वाण त्याहून बऱ्याच कमी थंडीत भागवितात. टेक्सासमध्ये सिद्ध झालेला ‘ब्राझोस’ (१९५९) हा अल्पशीत परंतु काटेरी वाण आहे. २००४ मध्ये प्रसृत झालेल्या ‘प्राइम-जिम’ व ‘प्राइम-जॅन’ या वाणांनी पहिल्याच वर्षीच्या फांदीवर फळ धरण्याचा गुण व्यवहारात आणला, आणि ‘प्राइम-आर्क फ्रीडम’ (२०१३) या वाणात त्या गुणास बिनकाटेरीपणाची जोड मिळाली. नवशिक्याने याच वर्गातील वाण निवडावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण त्यात हिवाळ्यातील थंडीवरचे अवलंबन सर्वांत कमी असते. सर्व प्रमुख वाण स्वपरागणक्षम असल्यामुळे एकच रोपही पुरते.

कुंडी, माती व पाणी : कुंडी ४० ते ५० लिटर मावेल एवढी, तळाशी मुबलक छिद्रे असलेली आणि फिक्या रंगाची असावी. काळ्या प्लास्टिकची कुंडी उन्हात इतकी तापते की कडेची मुळे होरपळतात, आणि पानांवरची म्लानता पाहून अजाण माळी त्यावर आणखी पाणी ओततो, तेव्हा उरलेली मुळे कुजतात. दोन भाग चाळलेली माती, दोन भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा व शेणखत आणि एक भाग जाड बजरी असे मिश्रण करावे. या झुडपास ५·५ ते ६·५ सामू (पीएच) मानवतो, तर जयपूरकडील माती व कूपनलिकांचे पाणी सामान्यतः क्षारीय. म्हणून शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडू लागली की तो लोहाचा अभाव समजावा आणि खताची मात्रा वाढविण्याऐवजी ईडीडीएचए या कीलेट स्वरूपातील लोह द्यावे. गंधकाची भुकटी सामू उतरविते, पण सावकाश. सर्वांत निर्धोक पाणी पावसाचे. ज्या नगरीच्या माथ्यावरील जयगड किल्ल्याने पावसाचे पाणी विस्तीर्ण टाक्यांत साठवून निर्जल डोंगरावर लष्कर पोसले, तेथील गच्चीवरून ते वाहून जाऊ देणे हा अपव्यय होय. एक पिंप जरी भरून ठेविले तरी एका झुडपाचा काही आठवड्यांचा प्रश्न मिटतो. कुंडी सकाळचे ऊन मिळेल अशी पूर्वेस ठेवावी, एप्रिलपासून दुपारी जाळीची सावली धरावी आणि मातीवर वाळल्या पानांचे जाड आच्छादन पसरावे.

छाटणी : फळून गेलेली फांदी जमिनीलगत कापावी, नवी फांदी सुमारे एक मीटर उंचीची झाली की शेंडा खुडावा. पहिल्याच वर्षी फळणाऱ्या वाणांत कडक उष्म्यात उमललेली फुले बहुधा फळ धरीत नाहीत, म्हणून पावसाळ्याच्या तोंडी शेंडे खुडून बहर शरदापर्यंत लांबविण्याची तजवीज करावी. फुलापासून पक्व फळापर्यंत साधारण पाच ते सात आठवडे लागतात. तोडलेले फळ पुढे पिकत नाही; त्याची चकाकी मावळल्यावरच ते काढावे.

अभिवृद्धी : फांदीचा शेंडा मातीत दाबून किंवा मुळांपासून फुटलेल्या धुमाऱ्यांनी. काही जुन्या बिनकाटेरी वाणांच्या मुळांच्या तुकड्यांपासून काटेरी रोपे उद्भवतात.

रोग व किडी : तांबेरा, लाल कोळी.

उपयोग : ताजे फळ, मुरंबा, सरबत.

जयपुरात हे झुडूप मोजकीच फळे देईल अशी अपेक्षा ठेवावी, आणि ज्यांना सावली व पावसाचे पाणी यांची सोय करणे शक्य नसेल त्यांनी त्याच कुंडीत फालसा लावावा. तो त्या उन्हात निश्चिंतपणे तगतो आणि मे-जूनमध्ये फळतो.