बहिःस्थ आणि बहिःशाल : नोकरदारांच्या एम. ए.चा पूर्वेतिहास

मराठीच्या विद्यापीठीय परिभाषेत एकाच उपसर्गाचे दोन शब्द अनेक दशके शेजारी शेजारी वावरत आले आहेत : 'बहिःस्थ' आणि 'बहिःशाल'. बहिःस्थ म्हणजे वर्गात न बसता परीक्षेला बसणारा. बहिःशाल म्हणजे शाळेच्या भिंती ओलांडून बाहेर गेलेले अध्यापन. पहिल्या शब्दात विद्यार्थी बाहेर उभा आहे, दुसऱ्यात विद्यापीठ बाहेर पडले आहे. नोकरी सांभाळून ऑनलाइन पद्धतीने साहित्य, इतिहास वा तत्त्वज्ञान यांत एम. ए. करण्याची जी सोय आज सार्वत्रिक होऊ पाहते आहे, तिची चर्चा बहुधा तंत्रज्ञानाच्या किंवा दर्जाच्या अंगाने होते. परंतु या पदवीला दीड शतकाहून अधिक काळाचा पूर्वेतिहास आहे, आणि तो या दोन शब्दांच्या मधल्या अंतरात घडला आहे. साहित्यसमीक्षेला त्याची दखल घेणे भाग आहे, कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समीक्षेने जे मोठे वळण घेतले त्याचा उगम याच इतिहासात आहे.

आधी बहिःस्थाविषयी. 1836 साली सनद मिळालेल्या लंडन विद्यापीठाने 1858 मध्ये आपल्या परीक्षा कोणत्याही महाविद्यालयात न गेलेल्यांनाही खुल्या केल्या. शिकवणे एकीकडे आणि पदवी देणे दुसरीकडे, ही विभागणी त्या विद्यापीठाच्या रचनेतच होती. 1857 साली स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे याच नमुन्यावर बेतली गेली. विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारी संस्था हा आपल्याकडे दृढ झालेला समज काही केवळ आपल्या आळसाचे फळ नव्हे. तो आपल्याला जन्मतःच मिळालेला वारसा आहे. लंडनच्या बहिःस्थ पदवीने उपकार पुष्कळ केले. खेड्यातील शिक्षक, कारकून, आणि 1878 नंतर स्त्रियाही, यांना एरवी अप्राप्य असलेली पदवी तिच्यामुळे मिळू शकली. एच. जी. वेल्स हा लंडनचा असाच बहिःस्थ पदवीधर. पुढे काही काळ तो विल्यम ब्रिग्जच्या युनिव्हर्सिटी करस्पॉन्डन्स कॉलेजात शिक्षक होता. अशा विद्यार्थ्यांना टपालाने तयार करणारी ती संस्था होती. साहित्याच्या दृष्टीने पाहता या व्यवस्थेतून एक नवा वाङ्मयप्रकारच जन्माला आला, तो म्हणजे 'नोट्स'. परीक्षक अदृश्य, विद्यार्थी अदृश्य, आणि दोघांमध्ये नेमलेले पुस्तक. तेव्हा त्या पुस्तकाविषयी कोणते प्रश्न संभवतात आणि त्यांची कोणती उत्तरे ग्राह्य धरली जातील याचा अंदाज बांधणे हेच अध्यापन ठरले. आपल्याकडील गाइडांची निंदा करणाऱ्यांनी त्यांची ही वंशावळ ध्यानात घ्यावी.

बहिःशाल परंपरेचा प्रवास निराळा आहे. अल्बर्ट मॅन्सब्रिजने 1903 मध्ये सुरू केलेल्या वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशनच्या विद्यमाने 1908 साली रॉचडेल आणि लाँगटन येथे पहिले 'ट्युटोरियल' वर्ग भरले; शिक्षक होते आर. एच. टॉनी. तीन वर्षे टिकण्याची हमी देणारा लहानसा गट, आठवड्यातून एकदा दोन तासांची बैठक, त्यातला एक तास व्याख्यान आणि दुसरा चर्चा, शिवाय नियमाने लिहावयाचे निबंध, अशी या वर्गांची घडण होती. शेवटी परीक्षा नव्हती आणि पदवीही नव्हती. हा अभाव वरवर उणीव वाटतो. तथापि परीक्षा नसल्यामुळेच अभ्यासक्रम आधी ठरवून त्याला कुलूप घालण्याची गरज उरत नव्हती. चर्चेच्या तासाला विद्यार्थ्याने काढलेला आक्षेप पुढच्या आठवड्याच्या व्याख्यानाचा विषय होऊ शकत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या वर्गांत शिकवणाऱ्या तिघांची नावे आपल्या परिचयाची आहेत. रेमंड विल्यम्स 1946 ते 1961 या काळात ऑक्सफर्डच्या बहिःशाल विभागातर्फे मुख्यतः पूर्व ससेक्समध्ये वर्ग घेत होता. रिचर्ड हॉगार्ट 1946 पासून हल विद्यापीठाच्या आणि ई. पी. टॉम्प्सन 1948 पासून लीड्स विद्यापीठाच्या अशाच विभागात होता. 'द यूझेस ऑफ लिटरसी' 1957 साली, 'कल्चर अँड सोसायटी' 1958 साली आणि 'द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास' 1963 साली प्रसिद्ध झाले. या तीन ग्रंथांना संस्कृतिसमीक्षेचे आद्यग्रंथ मानण्याची आपली रीत आहे. मात्र 1986 साली संस्कृति-अभ्यासाच्या भवितव्याविषयी बोलताना विल्यम्सने या वंशवृक्षावरच हरकत घेतली होती. ज्ञानशाखेचा इतिहास ग्रंथांच्या तारखांवरून लिहिणे त्याला मान्य नव्हते. ग्रंथांच्या पुष्कळ आधी हे काम प्रौढवर्गांत चालू होते, असे त्याचे म्हणणे. त्याला आधार आहे. एलियटचे संस्कृतीच्या व्याख्येसंबंधीचे टिपणवजा पुस्तक 1948 मध्ये आले, आणि त्यानंतर लवकरच सीफर्डच्या एका प्रौढवर्गात विल्यम्सने 'संस्कृती' या कल्पनेचा मागोवा घ्यायला आरंभ केला. 'कल्चर अँड सोसायटी'चे बीज तिथे आहे. टॉम्प्सनने तर आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत वर्गातील विद्यार्थ्यांकडून पुष्कळ शिकल्याचे नमूद केले आहे, आणि ग्रंथाची अर्पणपत्रिका त्याच वर्गांतील एका दांपत्याच्या नावे आहे.

येथे सौजन्याचा उल्लेख म्हणून पुढे जाणे बरोबर होणार नाही. यॉर्कशायरच्या लोकर-पट्ट्यात राहणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर औद्योगिक क्रांतीचा इतिहास शिकवणे म्हणजे ज्यांच्या आजोबा-पणजोबांवर तो गुदरला त्यांच्यासमोर तो मांडणे होते. त्यांच्याजवळ पुस्तकात नसलेले काही होते, आणि ते त्यांच्या कामातून, वस्तीतून आणि घरातल्या आठवणींतून आलेले होते. विद्यार्थ्याची नोकरी ही या वर्गात अभ्यासाच्या आड येणारी गोष्ट नव्हती. ती अभ्यासाची सामग्री होती. साहित्याच्या वर्गात चित्रपट, वृत्तपत्रे आणि जाहिराती आल्या त्या सिद्धांताच्या वाटेने आल्या नाहीत. वर्गात बसलेली माणसे रोज जे वाचत आणि पाहत होती ते वगळून त्यांच्याशी वाचनाविषयी बोलणे अशक्य होते, म्हणून आल्या.

अर्थात या वर्गांचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यांचा आवाका लहान होता. विल्यम्सच्या वर्गांत सगळे कामगारच येत होते असेही नाही; मध्यमवर्गीयांची संख्या त्यात बरीच होती. आणखी एक गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. पदवीकडे पाठ फिरवणे ही ज्या समाजात माणसाचे मोल पदवीवाचूनही काही प्रमाणात होते तिथली चैन आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले गेले, त्यांना 'ज्ञान घ्या, प्रमाणपत्राचा मोह सोडा' असे सांगणे हे क्रौर्य झाले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन करून 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, आणि नोकरी करणाऱ्यांना येता यावे म्हणून तेथील वर्ग सकाळी भरवले, त्यामागे ही जाण होती. अभ्यासक्रम आणि पदवी मुंबई विद्यापीठाची. पण विद्यार्थी समोरासमोर, एका खोलीत. या महाविद्यालयाच्या परिसरात सिद्धार्थ साहित्य संघ उभा राहिला, आणि 1958 साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले त्याच्या पूर्वतयारीत या संघाचा वाटा होता. साहित्याच्या अभ्यासक्रमाने ज्याची दखल घेतली नव्हती असे साहित्य, त्या अभ्यासक्रमाची परीक्षा देणाऱ्यांच्याच बैठकीत आकाराला आले. इंग्लंडमधील बहिःशाल वर्गांशी याचा प्रत्यक्ष संबंध नाही. तरीही बहिःस्थाची पदवी आणि बहिःशालाची बैठक यांची सांगड कशी घालता येते, याचे हे आपल्या भूमीतले उदाहरण आहे. आपल्या विद्यापीठांच्या बहिःशाल मंडळांना मात्र ती सांगड जमली नाही. त्यांनी व्याख्यानमाला गावोगाव नेल्या, आणि ते काम कमी मोलाचे नाही. परंतु चर्चेचा दुसरा तास आणि लिहावयाचा निबंध वाटेत गळून पडला, आणि व्याख्यानानंतर आभारप्रदर्शन तेवढे राहिले.

दोन्ही परंपरा जाणीवपूर्वक एकत्र आणण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे ब्रिटनचे ओपन युनिव्हर्सिटी. 1969 मध्ये सनद आणि 1971 मध्ये पहिले विद्यार्थी. पदवी पूर्ण दर्जाची, प्रवेशाला पूर्वपात्रतेची अट नाही. पाठ टपालाने, नभोवाणीने आणि दूरचित्रवाणीने. आणि जोडीला गावोगावचे शिक्षक व उन्हाळी निवासवर्ग. बर्मिंगहॅमच्या समकालीन संस्कृति-अभ्यास केंद्राचे संचालकपद भूषवलेला स्टुअर्ट हॉल 1979 साली प्राध्यापक म्हणून इथे आला आणि 1997 पर्यंत इथेच राहिला. 1982 मध्ये सुरू झालेल्या 'पॉप्युलर कल्चर' या अभ्यासक्रमाने प्रौढवर्गात जन्मलेला विषय हजारो प्रौढांच्या घरी पोहोचवला. वर्तुळ पुरे झाले असे वाटावे असा हा क्षण. विल्यम्सला तसे वाटले नाही. 1986 च्या त्याच भाषणात त्याने या विद्यापीठाचे महत्त्व मान्य केले आणि सोबतच एक न्यून दाखवले : विद्या देणारे आणि ती वापरणारे यांची जी प्रत्यक्ष गाठ बहिःशाल वर्गात पडत असे, ती इथे पडत नाही. अभ्यासक्रम तज्ज्ञांच्या मंडळाने आधी सिद्ध करावयाचा, छापावयाचा आणि मग वाटावयाचा असतो. ओटो पीटर्स या जर्मन अभ्यासकाने दूरशिक्षणाला अध्यापनाचे औद्योगिक रूप म्हटले होते ते याच अर्थाने. कारखान्यातून बाहेर पडलेल्या वस्तूशी ग्राहकाला वाद घालता येतो, पण ती बदलता येत नाही.

भारतात दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. हैदराबादला 1982 मध्ये पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, 1985 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले, आणि 1989 मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या विद्यापीठाचे बोधवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी' असे आहे. महाराष्ट्रात या वाक्याने किती घरांत पदवी नेली हे कुणी नाकारू नये. पण समीक्षकाने रूपकाकडे रूपक म्हणूनही पाहावे. गंगा उगमाकडून घराकडे वाहते. घराकडून उगमाकडे जाणारा प्रवाह या प्रतिमेत संभवत नाही.

दूरशिक्षणाची घटकपुस्तिका ही संहिता म्हणून वाचण्याजोगी आहे. तिच्यात निवेदक 'तुम्ही' असे संबोधतो, मधेच थांबून प्रश्न विचारतो, उत्तरासाठी जागा सोडतो आणि घटकाच्या अखेरीस अपेक्षित उत्तर देतो. संवादाचा सगळा डौल आहे, दोन्ही भूमिका मात्र एकाच पात्राच्या आहेत. इझरच्या परिभाषेत ज्याला अभिप्रेत वाचक म्हणावे तो इथे इतका संपूर्णपणे लिहून ठेवलेला असतो की प्रत्यक्ष वाचकाला प्रवेश करायला फट उरत नाही. गणितात हे चालेल. कवितेवरील घटकात उत्तर आधी छापलेले असणे म्हणजे वाचन होण्याआधीच संपणे होय. संपर्कसत्रांतून आणि चांगल्या समंत्रकाच्या हातून ही कोंडी फुटू शकते, फुटलीही आहे. परंतु ती त्या समंत्रकाची पुण्याई, व्यवस्थेची नव्हे.

ऑनलाइन एम. ए. या साखळीतला पुढचा दुवा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी आणि 2020 साली मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन अशा सर्व अभ्यासक्रमांसाठी एकत्रित विनियम केले. अशा पदव्या नेहमीच्या पदव्यांशी समकक्ष असल्याचे 2022 मध्ये स्पष्ट केले. ध्वनिचित्रमुद्रित पाठ, वाचनसामग्री, चर्चेची जागा आणि मूल्यमापन अशी चार अंगे या शिक्षणाला सांगितली जातात. चर्चेची जागा अधिकृतपणे निर्माण झाली ही टपाली पद्धतीपेक्षा मोठी पुढची पायरी आहे. शंभर कोसांवरची माणसे रात्री अकरा वाजता एका कवितेविषयी बोलू शकतात, हे टॉनीला स्वप्नवत वाटले असते. मात्र ही चर्चा मुद्रित पाठाच्या खाली चालते आणि पाठ आधीच पुरा झालेला असतो. रॉचडेलच्या दुसऱ्या तासात पुढचा आठवडा बदलण्याचे सामर्थ्य होते. ते तंत्राने हिरावलेले नाही. उलट तंत्राने ते आज पूर्वीपेक्षा सुलभ केले आहे. ते अडते पूर्वनिर्धारित अभ्यासक्रम, ठरीव गुणविभागणी आणि एका शिक्षकामागे असलेली विद्यार्थिसंख्या यांपाशी, म्हणजे 1858 च्या वारशापाशी.

'नोकरदार विद्यार्थी' हा शब्दप्रयोगही या दृष्टीने तपासावा. ऑनलाइन पदवीच्या माहितीपत्रकांत नोकरी येते ती वेळेची अडचण म्हणून : सोयीनुसार शिका, कामाचा खोळंबा न होता शिका. बँकेत कर्जाची कागदपत्रे वाचणारा, न्यायालयात साक्षी नोंदवणारा, रुग्णालयात आजाऱ्याचे म्हणणे वैद्यकीय भाषेत उतरवून घेणारी परिचारिका, संगणक-कंपनीत दिवसभर दुसऱ्याच इंग्रजीत बोलणारी तरुणी, ही सर्व माणसे भाषेच्या व्यवहाराविषयी असे काही जाणतात की जे पूर्णवेळ विद्यार्थ्याला आणि बहुतेक प्राध्यापकांना ठाऊक नसते. साक्ष म्हणजे काय, निवेदन कुणाचे, अनुवादात काय गळते, हे आपल्या सैद्धांतिक अभ्यासपत्रिकेतले प्रश्न त्यांच्या रोजच्या कामातले आहेत. त्यांना एम. ए.च्या वर्गात घेऊन हे ज्ञान मात्र दाराबाहेर ठेवायला लावणे हा साहित्यविचाराचा तोटा आहे, विद्यार्थ्याचा त्याहून कमी.

या इतिहासाची साधने कोणती उरतील, हाही विचार करावा लागतो. विल्यम्सच्या प्रौढवर्गांविषयी आपण बोलू शकतो, कारण त्याचे त्या काळातील टिपण, अहवाल आणि लेख जपले गेले व 1993 साली संकलित होऊन छापलेही गेले. आपल्याकडे उत्तरपत्रिका मुदत संपताच नष्ट करण्याचा प्रघात आहे, आणि स्वाध्यायांच्या वह्या रद्दीत जातात. ऑनलाइन वर्गातील चर्चा तत्त्वतः अक्षरशः टिकवता येईल. पण ती मूल्यमापनाची नोंद म्हणून साठवली जाते, वाचनाचा दस्तऐवज म्हणून नव्हे, आणि सत्र संपल्यावर तिच्याकडे कुणी फिरकत नाही. पन्नास वर्षांनी मराठी साहित्याच्या अध्यापनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला अभ्यासक्रम सापडतील, घटकपुस्तिका सापडतील, प्राध्यापकांच्या ध्वनिचित्रफितीही सापडतील. रात्री जेवणे आटोपल्यावर 'बनगरवाडी'विषयी एखाद्या तलाठ्याने काय लिहिले होते, ते त्याला सापडणार नाही.