यंत्राचा दुभाषी

मनुष्यानें यंत्रास आज्ञा करावी व यंत्रानें ती निमूटपणें पाळावी, हा व्यवहार जुनाच आहे. परंतु यंत्रास एक वाक्य सांगावें, त्याचें उत्तर पाहावें, आणि त्या उत्तरावरून आपणांस पुढचें वाक्य सुचावें, हा प्रकार मात्र अलीकडचा होय. आज एखादा विद्यार्थी संगणकाच्या काळ्या पडद्यावर ‘पायथन’ हा एकच शब्द लिहितो. लागलीच तीन बाणांचें चिन्ह पुढें येतें व यंत्र त्याच्या प्रश्नाची वाट पाहूं लागतें. त्यानें दोन अधिक दोन लिहावे, कीं चार हें उत्तर तत्क्षणीं हजर! ही गोष्ट त्यास इतकी स्वाभाविक वाटते कीं, हिच्यासाठीं कोणास कांहीं खटपट करावी लागली असेल, अशी शंकाहि त्याच्या मनास शिवत नाहीं. ती खटपट कोणती, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. संगणकास स्वभावतः कळते ती केवळ अंकांची भाषा. मनुष्यानें आपल्या सोयीच्या भाषेंत लिहिलेला मजकूर त्यास समजावा, यासाठीं मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला भाषांतरकाराचा. तो सबंध ग्रंथ आधीं यंत्रभाषेंत उतरवितो व मग तें भाषांतर यंत्राच्या स्वाधीन करितो. यास कंपायलर म्हणतात. दुसरा दुभाष्याचा. तो उभयतांच्या मध्यें बसतो, एक वाक्य ऐकतो, त्याप्रमाणें यंत्राकडून काम करवून घेतो, आणि मगच पुढील वाक्याकडे वळतो. यास इंटरप्रिटर म्हणतात. भाषांतर झालेला ग्रंथ यंत्र झरझर वाचतें. दुभाष्याच्या मार्फत चालणारें काम सावकाश होतें. असें असतां या मंदगति दुभाष्याचें एवढें माहात्म्य कां वाढावें?

याचें उत्तर त्या काळच्या परिस्थितींत आहे. १९५७ सालीं जॉन बॅकस व त्याचे सहकारी यांनीं आय. बी. एम. ७०४ या यंत्रासाठीं फोर्ट्रान भाषेचा कंपायलर सिद्ध केला. त्या काळीं आपला मजकूर छिद्रें पाडलेल्या पत्त्यांवर उतरवावयाचा, पत्त्यांचा गठ्ठा यंत्रशाळेंत द्यावयाचा, आणि कांहीं तासांनीं, प्रसंगीं दुसऱ्या दिवशीं, छापील निकाल घेऊन यावयाचें, अशी वहिवाट होती. एखादा स्वल्पविराम राहून गेला असला तर सारा दिवस फुकट जाई. यंत्राचा प्रत्येक क्षण सोन्याच्या मोलाचा. माणसाचा दिवस मात्र कवडीमोल! हा हिशेब उलटविणें हेंच दुभाष्याच्या इतिहासाचें सार आहे.

१९५८ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत जॉन मॅकार्थी यानें लिस्प ही भाषा रचण्यास प्रारंभ केला. कोणतेंहि लिस्प वाक्य घेऊन त्याचें मूल्य काढण्याची रीति त्यानें लिस्पमध्येंच लिहून दाखविली. ती त्याच्या मतें केवळ कागदावरची, तात्त्विक प्रतिपादनासाठीं होती. स्टीव्ह रसेल या त्याच्या सहकाऱ्यास वाटलें कीं, ही रीति यंत्रभाषेंत उतरविली तर ती प्रत्यक्ष चालेल. तत्त्व आणि व्यवहार यांची तुम्ही गल्लत करीत आहां, अशा अर्थाचें उत्तर मॅकार्थीनें दिलें. रसेलनें तिकडे लक्ष न देतां तें काम हातानें पुरें केलें, आणि लिस्पचा दुभाषी जन्मास आला.

परंतु दुभाषी मिळाला तरी त्याच्यासमोर बसण्यास जागा नको काय? ती पुढील कांहीं वर्षांत मिळाली. १९६१ सालीं त्याच संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो यानें एकाच संगणकाचा वेळ अनेकांस पाळीपाळीनें, क्षणाक्षणाचे तुकडे पाडून, वांटून देण्याची योजना करून दाखविली. प्रत्येकास वाटावें कीं, यंत्र आपल्याच सेवेस आहे. कॅलिफोर्नियांतील रँड संस्थेंत क्लिफ शॉ यानें जॉस ही पद्धति रचली. ती १९६४ च्या आरंभीं नित्य उपयोगांत आली. तींत टंकयंत्रावर मनुष्याचीं अक्षरें हिरव्या शाईंत व यंत्राचीं काळ्या शाईंत उमटत, त्यामुळें संभाषणांत कोण काय बोललें हें स्पष्ट दिसे. वाक्य समजलें नाहीं तर यंत्र एवढेंच विचारी: “अं?” त्याच वर्षीं पीटर ड्यूश या तरुणानें पी. डी. पी. १ या यंत्रावरील आपल्या लिस्पचें वर्णन प्रसिद्ध केलें. वाचणें, मूल्य काढणें, छापणें आणि पुनः वाचणें, हें जें चक्र आजचा विद्यार्थी अनुभवितो तें तेथें स्पष्ट मांडलेलें आहे.

आतां आज्ञेच्या ओळीविषयीं, म्हणजे कमांड लाइनविषयीं. ही ओळ वाचणारा कार्यक्रम, ज्यास ‘शेल’ म्हणजे कवच म्हणतात, तो स्वतःच एक दुभाषी आहे! हें नांव लुई पूझँ यानें सुचविलें. १९७१ सालीं केन टॉम्प्सन याचें शेल युनिक्सबरोबर लोकांपुढें आलें. ओळींतील पहिला शब्द तो कार्यक्रमाचें नांव समजतो व उरलेले शब्द त्या कार्यक्रमाच्या हवालीं करितो. म्हणून ‘पायथन’ एवढेंच लिहिलें तर एक दुभाषी आपणांस दुसऱ्याच्या भेटीस नेतो व संभाषण सुरू होतें; पुढें लेखाचें नांव जोडलें तर तोच दुभाषी कांहीं न विचारतां तो लेख आरंभापासून अखेरपर्यंत वाचून कामास लावतो. १९८० सालीं डेनिस रिची यानें आणखी एक सोय केली. लेखाच्या पहिल्या ओळींत दोन ठराविक चिन्हें घालून पुढें दुभाष्याचें नांव लिहावें, कीं युनिक्स त्यास आपण होऊन पाचारण करितें. पायथन भाषा गिडो व्हॅन रॉसम यानें १९९१ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हां तिला हा सारा वारसा तयारच मिळाला.

या सुलभतेविरुद्ध एक आक्षेप आहे व तो खोटा नाहीं. पत्त्यांचा गठ्ठा देण्यापूर्वीं जुना लेखक आपला मजकूर दहा वेळां तपाशी. आजचा आधीं कळ दाबतो व मग विचार करितो. चूक स्वस्त झाली कीं सावधपणा महाग होतो, हें मान्य केलें पाहिजे. तथापि दुसरी बाजू अधिक वजनाची वाटते. जेथें एका चुकीस एक दिवस मोजावा लागे, तेथें चूक करण्याचा अधिकार ज्याच्या हातीं यंत्र असे त्यासच होता. नवशिक्यास तो परवडत नसे. दुभाष्यानें तो अधिकार सर्वांस दिला. चुकलें तर यंत्र रागावत नाहीं, दिवस बुडवीत नाहीं. काय चुकलें तें सांगतें व पुनः तीन बाण पुढें करून स्वस्थ बसतें. विद्या ज्या धीरानें दिली जावी, तो धीर या मंदगति दुभाष्यापाशीं आहे. त्याचा वेग कमी पडला ही तक्रार यंत्राच्या हिशेबाची होय. माणसाच्या हिशेबीं तो कधींच मंद नव्हता.