टंचाईचा उन्हाळा आणि नगरसभेचा ठराव

वसंतव्याख्यानमाला चैत्र-वैशाखात भरते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडील कित्येक नगरपालिकांच्या सभांत पाण्याखेरीज दुसरा विषय नसतो. विहिरींचा गाळ काढणे, टँकरच्या फेऱ्या ठरविणे, नळ एक दिवसाआड सोडणे, गुरांसाठी हौद भरणे, असल्या ठरावांना इतिहास म्हणण्याची आपली रीत नाही. लढाया आणि तह यांनाच आपण तो मान देतो. वस्तुतः एखाद्या गावाचा कारभार खरोखर कसा चालतो हे पाहावयाचे असेल, तर त्या गावाचे कोरड्या उन्हाळ्यातले दप्तर उघडावे. पाणी मुबलक असते तेव्हा हक्काचा प्रश्न झाकलेला राहतो. हंडे रिकामे झाले की तो उघडा पडतो. या दृष्टीने तीन उन्हाळे आपल्यापुढे मांडावयाचे आहेत.

पहिला उन्हाळा १८५४ सालचा, मुंबईचा. शहराची वस्ती तेव्हा पाच लाखांवर गेली होती. पण पाण्याला आधार काय तो बेटावरच्या तळ्यांचा आणि विहिरींचा. त्या वर्षी ती आटली. गुरे शहराबाहेर माहीमकडे हाकलण्यात आली. गलबतांतून, आगबोटींतून आणि आगगाडीतून पाणी आणून ते बोरीबंदर, चिंचबंदर व डोंगरी येथील विहिरींत ओतले जाई, आणि तेथून लोक ते भरून नेत. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली होती. म्हणजे या देशात गाडी धावू लागून जेमतेम वर्ष झाले, तोच तिला पाणी वाहावे लागले!

या अनुभवातून विहारचा तलाव निघाला. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरने त्याची योजना मांडली. १८५६ साली काम सुरू होऊन १८६० साली पुरे झाले. पुढे तुळशी १८७९ साली, तानसा १८९२ साली आणि वैतरणा १९५७ साली अशी एकामागून एक पाण्याची साधने शहराला जोडावी लागली. परंतु दोन गोष्टी येथे ध्यानात घ्यावयाच्या. एक, करदात्यांना आपले सभासद निवडून देण्याचा अधिकार मुंबईत १८७२ च्या कायद्याने मिळाला. म्हणजे नळ आधी आला आणि मत मागाहून आले. दुसरी, नळ आल्यावर विहिरींची किंमत उतरली. विहिरींत हिवतापाचे डास वाढतात असे डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने दाखविले, तेव्हा अनेक विहिरी बुजविण्यात अगर झाकण्यात आल्या. कारण खरे होते, उपायही त्या काळी योग्य वाटला. तथापि अडीनडीला घरचे म्हणून जे पाणी होते, ते शहराने त्याबरोबर गमावले.

दुसरा उन्हाळा महाडचा, १९२७ सालचा. येथे तळ्यात पाणी होते, आणि तरीही माणसे तहानलेली होती. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे अस्पृश्यांना मोकळे असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. ठराव झाला, नोंद झाली. पण त्या पाण्याला हात लावण्याची सोय अस्पृश्यांना झाली नाही. तीन वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. नगरपालिकेने कागदावर जे दिले होते, तेवढेच त्यांनी घेतले. याबद्दल त्यांच्या लोकांनी मार खाल्ला. आणि त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! प्रकरण कोर्टात गेले. तळ्यावरील मक्तेदारीची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एका ओंजळीला दहा वर्षे लागली.

तिसरा उन्हाळा अगदी अलीकडचा, २०१६ सालचा, लातूरचा. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या टाक्यांभोवती दंगा होऊ नये म्हणून मार्चमध्ये जमावबंदीचा हुकूम निघाला, आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातुरात आली. बोरीबंदरच्या विहिरींत गाडीचे पाणी ओतल्याला तेव्हा एकशेबासष्ट वर्षे लोटली होती. धरणे वाढली, सभा निवडून येऊ लागल्या, मत प्रत्येकाच्या हाती आले; तरीही अखेर गाडीचीच वाट पाहावी लागली. त्याच खोऱ्यात ऊस उभा राहत आला होता, हे विसरून या टंचाईचा हिशेब पुरा होणार नाही.

या तिन्ही उन्हाळ्यांपासून काय घ्यावयाचे? मुंबई सांगते की, दूरचे पाणी आले म्हणून जवळचे टाकू नये. महाड सांगते की, ठराव करणे आणि तो पाळणे यांत अंतर पडले, तर ते अंतर दुबळ्यालाच चालावे लागते. लातूर सांगते की, पाणी कोणत्या कामाला आधी द्यावयाचे, हे पीक लावण्यापूर्वी ठरले पाहिजे. तळ दिसू लागल्यावर ठरविण्यासारखे फारसे उरत नाही.

नगरसभेची दवंडी हे एक वचन असते. अमक्या दिवशी, अमक्या आळीत पाणी येईल असे सभा सांगते, तेव्हा बाई कामाचा खाडा करून हंडा घेऊन उभी राहते. ते पाणी न आल्यास तिची मजुरी बुडते. ते प्रत्येक आळीत सारखे पोचले की नाही, हे विचारण्याचा अधिकार आपणांस १८५४ साली नव्हता, आज आहे. आपल्या गावात विहिरी किती, त्यांतील जिवंत किती, आणि गेल्या उन्हाळ्यातील ठरावांपैकी पाळले गेले किती, एवढे तीन प्रश्न प्रत्येक नागरिकाने दर चैत्रात आपल्या सभासदाला विचारावेत. उत्तर तोंडी घेऊ नये, दप्तरातून घ्यावे.