पैनगंगेचा काठ आणि हैदराबाद संस्थानातील यादवी : १९४७-४८

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारत वा पाकिस्तान यांपैकी कोणत्याही राज्यात सामील न होण्याचा मनोदय फर्मानाद्वारे प्रकट केला. त्यामुळे नांदेड जिल्ह्याच्या उत्तर सीमेचे स्वरूप पालटले. पैनगंगेच्या दक्षिणेस वाढोणा, म्हणजेच हिमायतनगर. उत्तरेस वऱ्हाडातील उमरखेड. दोन्ही तीरांवर भाषा एक आणि सोयरीकही एक. १५ ऑगस्टनंतर मात्र एक तीर स्वतंत्र भारतात व दुसरा निजामी राज्यात राहिला.

स्वामी रामानंद तीर्थ यांच्या अटकेनंतर स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहास सीमेवरील सशस्त्र प्रतिकाराची जोड मिळाली. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे कराराने हा संघर्ष शमला नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लढ्याच्या निधीसाठी लुटण्यात आली. दुसऱ्या बाजूस, लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी खेड्यापाड्यांत दहशत बसविली. त्यांना आवर घालण्याऐवजी शासनाने त्यांना मोकळीक दिली, हे यादवीचे मूळ कारण होय. न्याय देणारी सत्ताच पक्षकार झाली, म्हणजे प्रजेस शस्त्र किंवा स्थलांतर याखेरीज मार्ग उरत नाही.

हा संघर्ष केवळ दोन धर्मांतील होता, असे म्हणणे मात्र वस्तुस्थितीस धरून नाही. रझाकारांवर निर्भीड टीका करणारे 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांची २२ ऑगस्ट १९४८ रोजी हत्या झाली. ते मुसलमानच होते.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामी सत्तेचा शेवट झाला. परंतु जुनी सत्ता कोसळून नवी स्थिरावण्यापूर्वी सूडाचा उद्रेक झाला. पंडित सुंदरलाल समितीने या काळात संस्थानात किमान २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेल्याचा अंदाज केला. तिच्या मते सर्वाधिक झळ पोचलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड. मृत बहुसंख्येने मुसलमान होते, आणि काही ठिकाणी सैनिक व पोलीसही अत्याचारांत सामील असल्याचे समितीने नोंदविले. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांचे रक्षण करणाऱ्या हिंदूंचा उल्लेखही त्याच अहवालात आहे. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा मुक्तिदिन म्हणून पाळला जातो, आणि ते यथार्थच आहे. तथापि रझाकारांचे अत्याचार व त्यानंतरचा सूड ही एकाच अराजकाची दोन अंगे होत. एकाची नोंद ठेवून दुसरे वगळल्यास मुक्तिसंग्रामाचे महत्त्व वाढत नाही. त्याचा इतिहास मात्र अपुरा राहतो.