महापुराची मदत: उत्पन्न की भरपाई?

१/ जुलै २०२१. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट; पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. ऑगस्ट २०१९ मध्येही हेच घडले होते. पूर ओसरला, पंचनामे झाले आणि बँक खात्यांत शासनाचे सानुग्रह अनुदान जमा झाले. या रकमेवर आयकर लागतो काय? या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. 🧵

२/ पूर्वी मदत आणि कर एकाच दप्तरात नोंदले जात. १६७६ मध्ये शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना आज्ञा केली: गरजू कुळांना बैलांसाठी पैसा द्यावा, पोटास धान्य द्यावे, व्याज न घेता केवळ मुद्दल ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल करावे.

३/ १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून ब्रिटिश प्रांतांत दुष्काळ संहिता आल्या. दुष्काळी कामे, तगाई, शेतसाऱ्याची तहकुबी आणि सूट ही त्यांतील प्रमुख साधने. पीक किती आणे आले, यावर सवलत ठरे. ‘आणेवारी’ हा शब्द त्यातूनच रुळला.

४/ कोल्हापुरात १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि लवकरच १८९६-९७ चा दुष्काळ उभा राहिला. महाराजांनी स्वतः दौरे केले; स्वस्त धान्याची दुकाने, रोजगाराची कामे आणि तगाई यांची व्यवस्था केली.

५/ मात्र शेतसाऱ्याची सूट शेतकऱ्यापुरती होती. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी आयकर आणला. १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले. पगारदार आणि व्यापारी मात्र आयकराच्या कक्षेत राहिले. त्यांच्या हाती मदत येते ती रोख रकमेच्या रूपाने. म्हणूनच ती ‘उत्पन्न’ ठरण्याची शंका उद्भवते.

६/ या शंकेचे थेट उत्तर २००७ च्या वित्त कायद्याने दिले. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १०(१०बीसी) समाविष्ट झाले, तेही १ एप्रिल २००५ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. आपत्तीबद्दल केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा स्थानिक प्राधिकरणाकडून व्यक्तीला अथवा तिच्या वारसाला मिळालेली भरपाई करमुक्त ठरली.

७/ यात एक अट आहे. समजा, लक्ष्मीपुरीतील एखाद्या दुकानदाराचा दोन लाखांचा माल भिजला आणि ते नुकसान त्याने व्यवसायाच्या हिशेबात वजावट म्हणून मिळवले. त्याच नुकसानीपोटी शासनाने ५० हजार दिले, तर त्या ५० हजारांना ही करमाफी नाही. एकाच नुकसानीचा लाभ दोनदा घेता येत नाही.

८/ विमा कंपनीने दिलेले पैसे किंवा खासगी संस्थेची देणगी या कलमात बसत नाही. त्यांचे नियम निराळे आहेत. करमुक्त भरपाई विवरणपत्रात ‘करमुक्त उत्पन्न’ या सदरात दाखवली जाते. पंचनाम्याची प्रत आणि बँकेतील नोंद जपून ठेवणे म्हणूनच हिताचे.

९/ तहकुबी आणि सूट त्या त्या वर्षी सरकारच्या हुकमाने मिळे; हुकूम निघेपर्यंत रयत वाट पाही. आज पूरग्रस्ताला या करमाफीसाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. ती कायद्यातच लिहिलेली आहे. केवळ ठाऊक असली पाहिजे.