बटण बंद, तरी दिवा जिवंत

गेल्या महिन्यात अम्मीच्या खोलीत नवा लटकता दिवा लावला. जुना काळा होल्डर काढला, त्याच दोन तारांना नवी फिटिंग जोडली, एलईडी बल्ब फिरवून बसवला. काम अर्ध्या तासाचे होते आणि मी स्वतःच केले. पहिल्याच रात्री अम्मीने हाक मारली, "बेटा, बत्ती बुझाई तो भी जलतीच है!" जाऊन पाहिले तर खरेच, बटण बंद होते आणि बल्ब मंद मिणमिणत होता.

सकाळी वायरमनला बोलावले. माझाच जुना विद्यार्थी. त्याने बटण बंद ठेवूनच बल्ब काढला आणि होल्डरच्या आतल्या आट्यांना टेस्टर लावला. टेस्टर पेटला. "सर, बटण न्यूट्रलवर टाकलंय. तुम्ही बंद करता तेव्हा दिवा विझतो, पण फेज होल्डरमध्ये येऊन थांबलेलीच असते."

ही वायरिंग अब्बांनी घर बांधले तेव्हाची, सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची. इतकी वर्षे आम्ही बटण बंद करायचो आणि स्टुलावर उभे राहून निर्धास्तपणे बल्ब बदलायचो. अल्लाहने वाचवले, एवढेच म्हणायचे. पण प्रश्न मनात राहिला. दोन तारांपैकी बटण कोणत्या तारेवर हवे, हे ठरले कसे? आणि नवी फिटिंग लावेपर्यंत हा दोष लपून का राहिला?

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी १८७९च्या सुमारास वापरण्याजोगा विजेचा बल्ब लोकांसमोर आणला. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून एडिसनने आसपासच्या इमारतींना वीज दिली. त्याच वर्षी लंडनमध्ये तार आणि विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने वायरिंगची पहिली नियमावली काढली. तिच्या शीर्षकातच आगीचा धोका टाळण्याचा उल्लेख आहे. त्या काळी तारांवर सुती धागा, रबर किंवा गटापर्चा नावाचा झाडाचा चीक गुंडाळलेला असे आणि तारा लाकडी पट्ट्यांतून नेत. तार तापली की लाकूड पेटण्याची भीती. म्हणून सुरुवातीचे नियम माणसाला बसणाऱ्या धक्क्यापेक्षा घराला लागणाऱ्या आगीकडे जास्त पाहत होते.

बल्ब बसवायच्याही दोन रीती झाल्या. एडिसनने आट्यांचा होल्डर आणला, बाटलीच्या झाकणासारखा फिरवून बसणारा. स्वान आणि एडिसन यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये एकत्र कंपनी काढली खरी, पण तिथे रूढ झाला तो दोन पिनांचा होल्डर. बल्ब दाबायचा, थोडा वळवायचा की पिना खाचेत अडकतात. इंग्रजीत त्याला बॅयोनेट म्हणतात, कारण बंदुकीच्या तोंडाला संगीन अशीच अडकवत. संगीन हा शब्द मराठीत आणि उर्दूत सारखाच आहे. मात्र उर्दूत त्याचा आणखी एक अर्थ आहे, गंभीर. माझ्या घरी दोन्ही अर्थ एकदम लागू पडले.

भारतात वीज इंग्रजांच्या काळात आली. १८९७ साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगचे जलविद्युत केंद्र सुरू झाले, १८९९ साली कलकत्त्यात इमामबाग लेनचे केंद्र. मुंबईत वीजपुरवठा आणि ट्रामची कंपनी १९०५ साली स्थापन झाली आणि १९१५ साली टाटांच्या खोपोली केंद्राची वीज गिरण्यांना मिळू लागली. विजेबरोबर इंग्रजांचा पिनांचा होल्डरही आपल्याकडे आला आणि घराघरांत तोच बसला. आता बाजारात आट्यांच्या फिटिंग भरपूर मिळतात आणि आपण त्या जुन्या तारांना जोडतो.

आता तारांचा फरक पाहू. वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरजवळ न्यूट्रल जमिनीशी जोडलेला असतो. त्यामुळे जमिनीवर उभ्या माणसाने फेजला हात लावला तर २३० व्होल्टचा प्रवाह त्याच्या शरीरातून जमिनीत उतरतो. बटण फेजवर असेल तर ते बंद करताच होल्डर निर्जीव होतो. न्यूट्रलवर असेल तर फक्त परतीची वाट तुटते. जुना पिवळा बल्ब अशा वेळी पूर्ण विझायचा, म्हणून दोष कळत नसे. एलईडीला मिणमिणायला अगदी किरकोळ प्रवाह पुरतो, म्हणून त्याने चुगली केली. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना हवा. आमच्याकडे नेमके उलटे होते. बल्ब फिरवताना बोट लागते ते आट्यांनाच.

१९५६च्या भारतीय वीज नियमांत स्पष्ट होते की, जमिनीशी जोडलेल्या न्यूट्रलवर एकट्याने काम करणारे बटण किंवा फ्यूज टाकू नये. म्हणजे आमचे घर बांधले गेले तेव्हा हा नियम तीसेक वर्षांचा होता. पण तो कारागिराच्या हातापर्यंत पोचला नव्हता, आणि दिवा लागतोय एवढ्यावर आम्हीही समाधान मानले.

वायरमनने मेन स्विच बंद करून तारा बदलल्या आणि धातूच्या फिटिंगला अर्थिंगची हिरवी तार दिली. मग मी त्याला घरातले प्रत्येक बटण तपासायला लावले. आणखी दोन उलटी निघाली, त्यातले एक न्हाणीघराचे. तुमचेही घर जुने असेल तर वायरमनकडून एकदा एवढे तपासून घ्या. तोवर बल्ब बदलताना भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका, मेन स्विच बंद करा. अम्मी आता दिवा बंद करते आणि एकदा वर बघून घेते. ही सवय मी मुलांनाही लावतोय.