परत केलेलें पदक

ज्यूदो या जपानी द्वंद्वविद्येचें नांव आतां आपल्याकडील शाळकरी मुलांसही ठाऊक झालें आहे. ऑलिंपिक सामन्यांच्या दिवसांत स्त्रिया व पुरुष एकमेकांच्या अंगरख्याची बाही आणि कॉलर धरून चटईवर झुंजतांना दिसतात, आणि पाहणाराला त्यांत कांहीं विशेष वाटत नाहीं. परंतु ऑलिंपिकमध्यें ज्यूदोला पहिलें स्थान मिळालें तें १९६४ सालीं, आणि तेंही केवळ पुरुषांपुरतें. स्त्रियांचे सामने पदकांसह सुरू झाले ते १९९२ सालीं. मधलें हें अठ्ठावीस वर्षांचें अंतर कशामुळें पडलें आणि कोणाच्या श्रमानें भरून निघालें, याची हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं. ती बहुतांशीं एका बाईंच्या चरित्रांत सांठविलेली आहे. त्या बाईंचें नांव रस्टी कानोकोगी.

त्यांच्या चरित्राकडे वळण्यापूर्वीं या विद्येची थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो हे पेशानें शिक्षक होते. १८८२ सालीं टोकियोंतील एका बौद्ध मंदिरांत मोजक्या शिष्यांना घेऊन त्यांनीं आपली शाळा उघडली आणि तिला कोदोकान असें नांव दिलें. जुनी जुजुत्सु विद्या युद्धासाठीं जन्मलेली होती. तिच्यांतील घातक डाव सरावांतून वगळून कानोंनीं तिला शिक्षणाचें रूप दिलें. ‘जू’ म्हणजे मृदुता आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. प्रतिपक्षी ढकलूं लागला तर त्याला अडवूं नये, उलट त्याच दिशेनें ओढून घ्यावें, आणि त्याचा तोल ढळतांच त्याला कमरेवरून किंवा खांद्यावरून चटईवर टाकावें, हें या विद्येचें मर्म. जोरानें व वेगानें प्रतिपक्षी नीट पाठीवर पडला, कीं त्या एकाच डावानें सामना निकालांत निघतो. नवशिक्याला मात्र पहिला पाठ पाडण्याचा नसून पडण्याचा दिला जातो. इजा न होतां पडावें कसें, हें अंगवळणी पडल्यावरच पुढील डाव शिकवितात.

कानोंनीं स्त्रियांना ही विद्या नाकारली नव्हती, हें येथें सांगितलें पाहिजे. १९२६ सालीं कोदोकानमध्यें स्त्रियांचा स्वतंत्र विभाग निघाला. परंतु तेथील शिक्षणाचा भर ठराविक हालचालींच्या क्रमबद्ध अभ्यासावर असे. चढाओढीचे सामने स्त्रियांना वर्ज्य होते. त्यांच्या काळ्या पट्ट्यालाही निराळी खूण असे. लांबीभर एक पांढरी रेघ त्यावर काढलेली असे. केइको फुकुदा या कानोंच्या गुरूंच्या नात, आणि स्वतः कानोंच्या शिष्या. त्यांना पांचवी श्रेणी १९५३ सालीं मिळाली आणि सहावी १९७२ सालीं. मधलीं एकोणीस वर्षें त्यांच्या विद्येंत भर पडली नव्हती असें नाहीं. स्त्रीनें पांचव्या श्रेणीपलीकडे जावयाचें नाहीं असा दंडकच होता. सर्व जगभर ज्यूदोचा प्रसार झाला तो असल्या दंडकांसह झाला.

रस्टीबाईंचें मूळ नांव रेना ग्लिकमन. त्यांचा जन्म १९३५ सालीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत एका ज्यू कुटुंबांत झाला. समुद्रकांठच्या कोनी आयलंड वस्तींत त्यांचें बालपण गेलें. जत्रेसारख्या गजबजलेल्या त्या भागांत ही पोर लहानपणापासूनच मिळेल तें काम करून चार पैसे मिळवूं लागली. आळींतील एका भटक्या कुत्र्याचें नांव रस्टी होतें, आणि तेंच नांव मुलीला चिकटलें. पुढें रस्त्यावरील दांडग्या मुलींच्या एका टोळीची ती म्होरकी बनली. अंगांत जोर होता, रागही होता, परंतु त्या दोहोंना वळण लावणारें कोणी नव्हतें.

तें वळण १९५५ च्या सुमारास लागलें. एका मित्रानें तिला ज्यूदोचा एक डाव करून दाखविला. आपल्याहून लहान चणीचा माणूस आपल्याला सहज उचलूं शकतो, हें पाहून ती चकित झाली व ही विद्या शिकावयाचीच असें तिनें ठरविलें. वाय. एम. सी. ए. या संस्थेच्या स्थानिक वर्गांत सारे पुरुषच शिकत. तेथें तिनें चिकाटीनें प्रवेश मिळविला. बरोबरीची दुसरी मुलगी नसल्यामुळें सरावही पुरुषांशींच करावा लागे. या विद्येनें आपलें मन शांत केलें, असें त्या पुढें नेहमीं सांगत. रस्त्यावरील मारामारींत राग उपयोगी पडतो. चटईवर रागावलेला माणूस आपला तोल आपणच घालवून बसतो.

१९५९ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील वाय. एम. सी. ए. शाखांची ज्यूदो-स्पर्धा युटिका या गांवीं भरली. ब्रुकलिनच्या संघाबरोबर रस्टी राखीव खेळाडू म्हणून गेली होती. संघांतील एक पुरुष जायबंदी झाला आणि त्याच्या जागीं उभें राहण्याची पाळी तिच्यावर आली. केस आधींच आंखूड होते. छातीवर पट्टी घट्ट आवळून तिनें अंगरखा चढविला आणि ती चटईवर उतरली. लक्ष वेधूं नकोस, बरोबरी साधलीस तरी पुरे, अशी तिला सूचना होती. परंतु समोरचा खेळाडू हातीं सांपडल्यावर बरोबरीवर थांबणें तिच्या स्वभावांत नव्हतें. तिनें सामना जिंकला. संघही जिंकला. इतर खेळाडूंबरोबर तिच्या गळ्यांतही पदक पडलें.

त्यानंतर स्पर्धेच्या एका चालकानें तिला बाजूस बोलाविलें आणि विचारलें, ‘तूं मुलगी आहेस काय?’ तिनें मान हलवून होय म्हटलें. पदक काढून द्यावें लागलें.

या प्रसंगांतील एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. स्त्रियांनीं या स्पर्धेंत भाग घेऊं नये, असें प्रवेशपत्रिकेवर कोठेंही लिहिलेलें नव्हतें. तसें लिहिण्याची कोणाला गरजच भासली नव्हती. एखादी स्त्री येईल ही कल्पनाच कोणाच्या मनांत आली नव्हती. म्हणजे तिनें मोडला तो लेखी नियम नव्हता, तर सर्वांनीं गृहीत धरलेली समजूत होती. या प्रसंगानंतर मात्र स्पर्धांच्या प्रवेशपत्रिकांवर ‘पुरुष’ हा शब्द छापला जाऊं लागला. अलिखित नियम लेखी झाला, आणि लेखी झाला म्हणूनच त्यावर बोट ठेवतां येऊं लागलें. तिनें खोटें सांगितलें असतें तर पदक कदाचित् राहिलें असतें, परंतु प्रश्न तेथेंच गाडला गेला असता. त्या दिवशींची मानहानि दुसऱ्या कोणा स्त्रीच्या वांट्याला येऊं नये, हा निश्चय मात्र तिच्या मनांत कायमचा रुजला.

विरोध करणारे सगळेच दुष्टबुद्धीचे होते, असें समजण्याचें कारण नाहीं. स्त्रीचें शरीर या आघातांना टिकणार नाहीं, असें त्यांतील कित्येकांना खरोखरच वाटे. परंतु वर्षानुवर्षें पुरुषांबरोबर सराव करणारी स्त्री समोर उभी असतांना ती शंका डोळ्यांनीं तपासून पाहणें अशक्य नव्हतें. तें करावयाचें कोणाला सुचलें नाहीं, एवढाच त्यांचा दोष.

१९६२ सालीं रस्टीबाई ज्यूदोच्या माहेरघरीं, टोकियोच्या कोदोकानमध्यें, जाऊन पोहोंचल्या. रिवाजाप्रमाणें त्यांना स्त्रियांच्या विभागांत घालण्यांत आलें. उंच, भरभक्कम बांध्याच्या आणि पुरुषांशीं झुंजून तयार झालेल्या या अमेरिकन बाईंपुढें तेथील विद्यार्थिनींचा निभाव लागेना. अखेरीस शिक्षकांनीं त्यांना मुख्य दालनांत पुरुषांबरोबर सराव करण्याची परवानगी दिली. कोदोकानच्या इतिहासांत अशी परवानगी मिळालेली ती पहिली स्त्री. जी गोष्ट त्यांच्या मायदेशांत चोरून करावी लागली, ती या विद्येच्या मूळ पीठांत उघडपणें करतां आली. जपानांतच त्यांची रिओहेइ कानोकोगी या ज्यूदोपटूशीं ओळख झाली आणि १९६४ सालीं न्यूयॉर्कमध्यें उभयतांचा विवाह झाला. त्याच वर्षीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें पुरुषांचा ज्यूदो प्रथम खेळला गेला.

यापुढील रस्टीबाईंचें आयुष्य शिक्षिकेचें आहे. स्पर्धा करण्याचें वय निघून चाललें होतें, आणि स्पर्धा करावी असे सामनेच स्त्रियांसाठीं नव्हते. ब्रुकलिनमध्यें पतिपत्नी मुलामुलींना शिकवूं लागलीं. पण शिकवितां शिकवितां एक अडचण पुन्हां पुन्हां समोर येई. शिष्येला तयार करावें, आणि ती तयार झाली कीं तिला पाठवावें कोठें? परीक्षाच नसेल तर अभ्यासाला धार येत नाहीं, हें कोणत्याही शिक्षकाला सांगावयास नको. युरोपांत १९७५ सालीं म्यूनिक येथें स्त्रियांची पहिली अधिकृत खंडीय स्पर्धा भरली. पुढच्याच वर्षीं अमेरिकन स्त्रियांचा संघ घेऊन रस्टीबाई ब्रिटनमधील खुल्या स्पर्धेस गेल्या. उणीव राहिली होती ती जागतिक स्पर्धेची. पुरुषांची जागतिक स्पर्धा १९५६ पासून चालू होती. ऑलिंपिकमध्यें शिरावयाचें तर पुष्कळ देशांत स्त्रिया हा खेळ खेळतात, हें दाखवून द्यावें लागणार होतें, आणि त्याला जागतिक स्पर्धेसारखा दुसरा पुरावा नव्हता.

ती स्पर्धा न्यूयॉर्कमध्यें भरविण्याचें रस्टीबाईंनीं अंगावर घेतलें. पैसा पुरेना, तेव्हां त्यांनीं राहतें घर गहाण ठेविलें. आपल्याकडे लग्नाकार्यासाठीं किंवा मुलाच्या शिक्षणासाठीं घर गहाण टाकणारे पुष्कळ आढळतात. परक्या देशांतील अनोळखी मुलींना दोन दिवस चटईवर उतरतां यावें म्हणून घर गहाण टाकणारें माणूस विरळा. १९८० सालच्या नोव्हेंबर महिन्यांत मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सुप्रसिद्ध क्रीडागृहांत सत्तावीस देशांच्या सुमारें दीडशें स्त्रिया एकत्र आल्या. सर्वांत हलक्या वजनगटांत इंग्लंडची जेन ब्रिज जिंकली. खुल्या गटांत बेल्जियमची इंग्रिड बर्गमान्स अजिंक्य ठरली. जपानच्या काओरी यामागुची हिला बावन्न किलोच्या गटांत रौप्यपदकावर समाधान मानावें लागलें, पण चारच वर्षांनीं ती जागतिक विजेती झाली. ज्या देशांत स्त्रियांचे सामने अयोग्य मानले जात, त्या देशाच्या मुलींनाही या स्पर्धेनें दार उघडून दिलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

तरीही १९८४ च्या लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या ज्यूदोला जागा मिळाली नाहीं. रस्टीबाईंनीं पत्रें लिहिलीं, अधिकाऱ्यांच्या पाठीमागें लागल्या आणि वेळ पडल्यास न्यायालयांत जाण्याची धमकीही दिली. अखेरीस १९८८ सालीं सोल येथें स्त्रियांचे सामने प्रदर्शनीय म्हणून ठेवण्यांत आले. अमेरिकन स्त्रियांच्या संघाच्या मार्गदर्शक रस्टीबाईच होत्या. पुढें १९९२ सालीं बार्सिलोना येथें सात वजनगटांतून पदकें वांटलीं गेलीं. सुवर्णपदकें मिळविणाऱ्या स्त्रिया स्पेन, फ्रान्स, क्यूबा, दक्षिण कोरिया आणि चीन या देशांच्या होत्या. जपानची रिओको तामुरा ही सोळा वर्षांची मुलगी रौप्यपदक घेऊन गेली. पुढें तिनें २००० व २००४ सालीं सुवर्णपदकें मिळविलीं. आपला सामना होऊं शकतो कीं नाहीं, हा प्रश्नच या मुलींपुढें उरला नव्हता.

हें सारें एकट्या रस्टीबाईंनीं केलें असें म्हटलें तर इतरांवर अन्याय होईल. फुकुदाबाईंसारख्या विदुषींनीं विद्येचें बीज जपलें, युरोपांतील स्त्रियांनीं आपापल्या देशांत सामने उभे केले, आणि कित्येक पुरुष शिक्षकांनींही साह्य केलें. परंतु विखुरलेल्या प्रयत्नांना एके ठिकाणीं आणण्यासाठीं कोणीतरी स्वतःचें सर्वस्व पणाला लावावें लागतें. तें काम त्यांनीं केलें.

गौरव आला तो उतारवयांत. त्या सातव्या श्रेणीपर्यंत चढल्या. २००८ सालीं जपान सरकारनें ‘उगवता सूर्य’ हा आपला बहुमान त्यांना अर्पण केला. तोंवर त्यांना रक्ताच्या कर्करोगानें ग्रासलें होतें. २००९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत न्यूयॉर्कच्या वाय. एम. सी. ए. संस्थेनें त्यांना सन्मानानें बोलावून एक सुवर्णपदक त्यांच्या हवालीं केलें. युटिका येथील त्या दिवसाला त्या वर्षीं बरोबर पन्नास वर्षें झालीं होतीं. त्याच वर्षीं २१ नोव्हेंबर रोजीं वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें.

हें पदक त्यांच्याजवळ तीनच महिने राहिलें. आपली चूक झाली होती, एवढें संस्थेनें पन्नास वर्षांनीं का होईना कबूल केलें, हें तिला भूषणावहच आहे. मात्र रस्टीबाई त्या कबुलीची वाट पाहत बसल्या नाहींत. पदक गेल्यानंतरही त्या पुन्हां चटईवर उतरल्या. ज्यूदोचा पहिला पाठ पडण्याचा असतो, आणि पडून उठणें हा त्याच पाठाचा उत्तरार्ध आहे.